बसलेला हात

टिकटिकबाईचा उजवा अंगठा कधी स्वस्थ बसायचा नाही. बसथांब्यावर उभी असो, पोस्टाच्या रांगेत असो की नवऱ्याशी वाद घालत असो, अंगठा आपला तर्जनीच्या पेरावर टक टक टक चाललेला. बावीस वर्षं ती रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या लांबोडक्या खोलीत बसून माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत आली होती. डोळा भिंगाला, डावा हात भिंगाच्या चाकावर आणि उजव्या मुठीत टिकटिकी. टिकटिकी म्हणजे मुठीत मावणारं पोलादी यंत्र. पेशी दिसली की अंगठ्यानं दांडी दाबायची, टिक, की वरच्या नखाएवढ्या खिडकीत आकडा एकानं पुढं. नाव पडलं ते त्यावरून. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

काम सांगायला सोपं. रक्ताचा थेंब पातळ करायचा, रेघा आखलेल्या काचेत सोडायचा. काचेत सोळा-सोळा घरांचे दोन खण. पहिल्या खणातल्या पेशी मोजायच्या, आकडा लिहायचा. मग दुसऱ्या खणातल्या मोजायच्या, तो लिहायचा. शेवटच्या रकान्यात दोहोंचा फरक. फरक दहाच्या आत असला तर काम चोख. दहाच्या वर गेला तर कुठंतरी चुकलं, काच धुवायची आणि पहिल्यापासून सुरू. एखादी पेशी नेमकी खणाच्या कडेच्या रेषेवर बसलेली असते, तिचाही नियम होता: वरच्या आणि डाव्या रेषेवरची धरायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची.

टिकटिकबाईला काच धुवायची वेळ वर्षातून पंधरा-वीस वेळाच यायची. एवढं नाव होतं तिच्या हाताचं. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लोक चिठ्ठीखाली तिची सही दिसली की पुढं काही विचारायचे नाहीत.

तिला खोड मात्र एक होती. दुपारच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि उरलेली पंचवीस मिनिटं भिंगाखाली काहीबाही घालून बघत बसायचं. कांद्याचा पापुद्रा. मेलेल्या माशीचा पाय. नवऱ्याच्या दुकानातल्या खडूची भुकटी. एकदा तर नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हाचा डोळ्यातला थेंब तिनं काचेवर धरला, वाळवला आणि दुसऱ्या दिवशी बघितला. घरी येऊन म्हणाली, "अहो, काय सुंदर चौकोन निघाले मिठाचे! तुमच्यामुळे दिसले हो." तिचा नवरा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांना राग धरावा की हात जोडावेत ते कळेना.

बघितलेलं सगळं ती एका जाड वहीत उतरवायची. चित्रं, आकडे, प्रश्न. मास्तरांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची, दुकानात काजं-बटणं करायची. जीभ तिच्या सुईहून टोकदार. ती त्या वहीला रिकामी वही म्हणायची.

"अहो वन्सं, पानन् पान भरलंय की."

"पानं भरलीत गं, वही रिकामीच. माशीला किती केस ते कळून कुणाचं भलं झालं?"

कामावरही हाच सूर. प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर एकदा दारात उभं राहून म्हणाले होते, "बाई, ते भिंग रक्तासाठी आहे, माशांसाठी नाही." आणि शेजारच्या टेबलावरचे अण्णा, ज्यांनी तिला हे काम बोट धरून शिकवलं, ते कानाला लावलेली लाल पेन्सिल काढून नुसती हलवायचे. "खेळायचं वय गेलं तुझं. डोळ्यांना विसावा दे जरा."

त्या वर्षी अण्णा निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची मुख्य तंत्रज्ञाची खुर्ची टिकटिकबाईकडं यायची, हे ठरल्यातच जमा होतं. त्याआधी एक मोठी गोष्ट व्हायची होती. शुक्रवारी बाहेरून तपासनीस यायचे होते. त्यांच्या पसंतीला उतरलं तर ही प्रयोगशाळा शिकवणारी प्रयोगशाळा होणार, चार गावांची मुलंमुली इथं मोजणी शिकायला येणार. दाखवायला काय होतं? ना नवी यंत्रं, ना नवी इमारत. होती ती रजिस्टरं. पस्तीस वर्षांची अण्णांची, बावीस वर्षांची हिची. फरकाच्या रकान्यात तीन, पाच, दोन, सहा, चार. अण्णांनी ती स्वतः पुसून, पुठ्ठे चिकटवून, ओळीनं मांडून ठेवली होती.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी दुपारी, मास्तरांच्या दुकानात, टिकटिकबाईच्या कोपरानं बटणांचा डबा पाडला.

कापायच्या टेबलावर मास्तरांनी करड्या चौकड्यांचं कापड पसरलं होतं. डबा फळीवरून सुटला, हवेतच उघडला आणि दोन हजार बारकी पांढरी बटणं कापडभर उधळली.

"अगं, काय केलंस हे!" मास्तर कात्री टाकून धावले.

"हात लावू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की वन्संनी पाय खुर्चीवर घेतले.

"काय गं, विंचू?"

"कुणी हलवू नका काही. बघा तरी! अहो, हे डिट्टो भिंगाखालचं दिसतंय."

खरंच तसं होतं. करड्या रेषा, त्यांच्यात विखुरलेले पांढरे ठिपके, कुठं दाट, कुठं विरळ, काही नेमके रेषेवर. तिनं खडू घेतला, कापडाच्या दोन टोकांना सोळा-सोळा घरांचे दोन खण आखले आणि मोजायला लागली. पहिल्यात त्र्याण्णव. दुसऱ्यात एकशे सतरा.

ती हसली. मग तिचं हसू आखडलं. चोवीसचा फरक? तिनं पुन्हा मोजलं. तेच. मास्तरांना मोजायला लावलं, तेच.

"हात बिघडला वाटतं तुझा," वन्सं म्हणाल्या. "रविवारी सुट्टी घेतो तोही."

तिनं बटणं गोळा केली, डबा खळाखळा हलवला, पुन्हा उधळला. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. पुन्हा. एकशे सहा, एकोणनव्वद. मास्तरांचं गिऱ्हाईक दारातून डोकावलं आणि घरातली बाई भरदुपारी टेबलावर बटणं फेकतेय, नवरा आकडे लिहितोय, असं बघून उद्या येतो म्हणून गेलं. ऊन कलेपर्यंत चाळीस वेळा उधळून झालं. चाळीसपैकी एकोणीस वेळा फरक दहाच्या वर होता.

"म्हणजे बटणांची चिठ्ठी असती तर मी एकोणीस वेळा काच धुतली असती," ती म्हणाली. डोळे लकाकत होते. "अहो, रक्त बटणांपेक्षा एवढं शहाणं कसं? ते कसं बरोबर सारखं पसरतं?"

"रक्त आहे ते. त्याला अक्कल असेल," मास्तर बटणं भरत म्हणाले.

"तेच शोधते उद्या."

सोमवारी ती गेली ती असा नाचरा प्रश्न घेऊन. दुपारी डबा उघडलाच नाही. अण्णांनी पुसून मांडलेल्या रजिस्टरांतलं शेवटचं काढलं आणि फरकाचा रकाना मोजायला लागली. सहा महिन्यांच्या चार हजार जोड्या. दहाच्या वर किती? नऊ. फक्त नऊ. अण्णांचं रजिस्टर काढलं. सात. तिनं वहीत लिहिलं: "रक्तात असं काय आहे जे बटणांत नाही? चिकटपणा?" मजेत होती ती अजून. तिला वाटलं, जुन्या काळी काचा वेगळ्या होत्या, तेव्हा काय होतं बघावं. म्हणून ती स्टुलावर चढली आणि कपाटाच्या माथ्यावरचं, धुळीनं माखलेलं, अण्णांनी मांडायला न काढलेलं एक रजिस्टर खाली घेतलं.

ते तिचं स्वतःचं होतं. कामावर लागली तेव्हाचं पहिलं.

चार. एकोणीस. अकरा. सव्वीस. दोन. पंधरा. पानंच्या पानं. आणि कडेनं अण्णांची लाल पेन्सिल: "पुन्हा कर." "लक्ष कुठं आहे?" "एकवीस?? लाज वाटू दे." "हात बसलेला नाही." ते दिवस तिला लख्ख आठवले. काच धुऊन धुऊन बोटांना चिरा पडलेल्या, घरी जाऊन रडायची. तीन महिने असे गेले. मग चौथ्या महिन्यात फरक खाली यायला लागले. नऊ, आठ, दहा, सहा. पाचव्यात लाल पेन्सिल जवळजवळ नाहीशी. आणि एका पानाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित: "शाब्बास. हात बसला."

त्या दिवशी ती घरी उड्या मारत गेली होती.

तिनं पहिल्या तीन महिन्यांच्या जोड्या मोजल्या. तीनशे दहा. दहाच्या वर एकशे त्रेचाळीस. निम्म्याला थोड्या कमी. चाळीसात एकोणीस.

बटणांसारख्याच.

टिकटिकबाई स्टुलावरून उतरली ती तिथंच फरशीवर बसली. कानात कुणीतरी फटाफट दारं लावत असल्यासारखा आवाज होत होता. तीन महिने रक्त बटणांसारखं वागत होतं आणि चौथ्या महिन्यात त्याला अक्कल आली? काच तीच. भिंग तेच. रुग्णालय तेच. बदललं होतं एकच, तिचा हात.

"काय गं, चक्कर आली?" अण्णा विचारत होते.

"नाही," ती म्हणाली. "रजिस्टर पडलं."

दुपारनंतरची पहिली चिठ्ठी तिनं नेहमीसारखीच घेतली, पण मोजताना आयुष्यात प्रथमच ती स्वतःवर पाळत ठेवून बसली. पहिला खण: एकशे चार. लिहिला. दुसरा खण. टिक टिक टिक. शेवटची रांग उरली तेव्हा डोळा एकदा, पापणी लवण्याएवढा, खिडकीवर जाऊन आला. शहाण्णव. आणि मग खालच्या रेषेवर एक पेशी बसली होती. नियमानं सोडायची. टिक. अंगठ्यानं दाबलंसुद्धा. तिला वाटलं होतं की ती पेशी जरा आतच आहे. खरंच वाटलं होतं! पुढची उजव्या रेषेवर. टिक. एकशे एक. फरक तीन.

तिनं मूठ उघडली आणि अंगठ्याकडं असं बघितलं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा, चुकून हिच्या हाताला लागलेला.

जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा तिनं कापला, टिकटिकीच्या खिडकीवर चिकटवला आणि तोच खण पुन्हा मोजला. आता आकडा दिसत नव्हता. रेषेवरच्या पेशी आल्या तशा नियमानं धरल्या, नियमानं सोडल्या. संपल्यावर पट्टी उचकटली. अठ्ठ्याऐंशी.

फरक सोळा. काच धुवायची वेळ. बावीस वर्षं तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता आणि बावीस वर्षं तिचे आकडे खरे नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात हे तिच्या डोक्यात मावेना. बसमध्ये ती दोन थांबे पुढं गेली.

घरी वन्संनी तोंडाकडं बघितलं आणि चक्क टोमणा गिळला. "काय झालं गं?"

"वन्सं, तुम्ही दोन काजं सारखी कशी करता?"

"पहिल्यावर दुसरं ठेवून बघते. मग?"

"तसंच झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

मंगळवारी सकाळी तिनं ठरवून टाकलं की शुक्रवार होऊ द्यायचा. अण्णांचा शेवटचा मान. आपली खुर्ची. मग हळूच, एका बाजूनं, खिडक्यांवर पट्ट्या लावू. कुणाचं काय बिघडतंय? सरासरी तर फार हलत नाही. रोजच्या चिठ्ठ्यांत चार पेशी इकडं, चार तिकडं, त्यानं कुणी मरत नाही. असं स्वतःशी घोकत ती टेबलाशी बसली आणि समोर खाट अकराची चिठ्ठी आली.

खाट अकरावर एक रंगारी होता. भिंती रंगवणारा. त्याला चालू असलेलं औषध असं होतं की ते रोगाबरोबर पांढऱ्या पेशीही मारायचं, म्हणून रोज पेशी मोजून मगच पुढचा डोस. वॉर्डातली परिचारिका मोठी नेटकी. मोजणाऱ्याला सोपं जावं म्हणून कालचा आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून पाठवायची. एक्केचाळीस.

टिकटिकबाईनं मोजलं, उघड्या खिडकीनं. अडतीस. दुसरा खण: एकोणचाळीस. कालच्याला धरून. डोस चालू.

तिनं लिहायला पेन उचललं आणि ते कागदावर टेकेना. तिनं पट्टी लावली. एकोणतीस. नवा थेंब. एकतीस. पुन्हा नवा. सत्तावीस. चौतीस. तीस.

कालचा एक्केचाळीस कुणाचा होता? अण्णांचा. शनिवारचा बेचाळीस? तिचाच. माणूस पायऱ्या उतरत होता आणि आपण रोज त्याला कालच्या पायरीला बांधून ठेवत होतो.

"अण्णा," ती म्हणाली. "जरा इकडं या."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बटणं, रजिस्टर, पट्टी, रंगारी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग दुप्पट परत आला.

"म्हणजे मी खोटारडा?"

"तुम्ही नाही हो अण्णा. मीपण..."

"पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी या काचेवर डोळे फोडले आणि तू बटणं उधळून मला शिकवतेस? बटणं हातानं फेकलीस तू. थेंब आपला आपण पसरतो!"

"मग माझे पहिले तीन महिने? तेव्हाही थेंबच होता ना?"

"तेव्हा तुला येत नव्हतं!"

"अण्णा, मला तेव्हाच येत होतं," ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिलाच धक्का बसला. हे तिनंही आत्ताच ऐकलं होतं.

अण्णा खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "शुक्रवार होऊ दे, पोरी. तीन दिवस. माझं एवढं ऐक. मग काय ते खेळ."

"तीन दिवसांत खाट अकराला तीन डोस जातील."

अण्णांनी तोंड फिरवून रजिस्टरांचे पुठ्ठे पुन्हा सारखे केले.

ती दुकानाकडं धावली. रुग्णालयापासून दोन गल्ल्या. "अहो, चौकड्यांचं कापड द्या. आणि बटणं."

"कापायला घेतलंय मी ते."

"द्या म्हणते ना!"

मास्तरांनी दिलं. वन्सं मागून ओरडल्या, "अगं, निदान चप्पल तरी एका जोडीची घाल!" दारात घाईनं सरकवलेल्या चपलांत एक तिची होती आणि एक वन्संची.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तिनं परवानगी न विचारता टेबलावरच्या फायली खुर्चीवर ठेवल्या, कापड पसरलं, खण आखले. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. अण्णाही मागोमाग आले होते, दारातच उभे.

तिनं आधी खाट अकराचे आकडे सांगितले, मग बाकीचं. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही दमलात. नवख्याचं असं होत असेल, मान्य. पण मुरलेल्या माणसाचं नाही. नियम पाठ असलेला माणूस रेषेवरची पेशी उगाच का धरेल?"

"उधळा," ती म्हणाली आणि डबा पुढं केला.

"काय?"

"बटणं. तुम्ही तर या कामाचं पुस्तक शिकवता. उधळा आणि मोजा."

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. अण्णांनी नजर वळवली. शेवटी, वेड्याला खूश करावं तसं, त्यांनी डबा उलटा केला. काही बटणं टपटप जमिनीवर गेली. त्यांनी टिकटिकी घेतली, वाकले, पहिला खण मोजला. त्र्याण्णव. तिनं कागदावर लिहिलं. दुसरा मोजला. सावकाश, बोट लावून.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले आणि सरळ झाले. "झालं समाधान? फरक दोन."

"आता तोच खण पुन्हा." तिनं खिडकीवर पट्टी चिकटवली आणि टिकटिकी त्यांच्या हातात दिली. "बटणं कुणी हलवलेली नाहीत. अण्णा साक्षीला आहेत."

डॉक्टरांनी मोजलं. खोलीत नुसतं टिक टिक. संपल्यावर त्यांनीच नखानं पट्टी सोलली.

चौऱ्याऐंशी.

त्यांनी टिकटिकी कानाजवळ नेऊन हलवली, घड्याळ बंद पडल्यावर हलवतात तशी. "बिघडलीय ही."

"आधी चांगली होती?"

ते वाकले. कापडाच्या अगदी जवळ गेले. खालच्या रेषेवर चार बटणं, उजव्या रेषेवर तीन. सात. चौऱ्याऐंशी आणि सात. त्यांनी एकेका बटणावर बोट ठेवलं. सातव्यावर बोट थांबलं ते उचलेना.

"ही मी धरली?"

"मला विचारू नका. मीपण रोज धरते."

"पण मी तर... मला तर हे खोटं पाडायचं होतं. मी दक्ष होतो." त्यांचा आवाज पोराचा झाला होता. "मी दक्ष होतो, अण्णा!"

मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, ते ताडकन उठले आणि फोनवर झेपावले. "वॉर्ड? खाट अकरा. आजचा डोस थांबवा. दिला? नाही दिला ना? हातात आहे? खाली ठेवा. ठेवलात? मी येतोय." जाताना त्यांच्या बुटाखाली दोन बटणं कडकन फुटली.

पुढचे तीन दिवस त्या खोलीनं कधी न बघितलेले आकडे बघितले. सगळ्या टिकटिक्यांना पट्ट्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात कालचा आकडा लिहायची वॉर्डांना बंदी. नेटकी परिचारिका रुसली. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर अकरा, तीन, वीस, सात, सतरा असे फरक उमटले, आणि दहाच्या नियमानं बघायचं तर निम्मं पान नापास. डॉक्टर मात्र फिरत्या खुर्चीत बसून फावल्या वेळात बटणं उधळायचे. दार लावून. त्यांच्या खोलीतून खळखळाट आला की शिपाई एकमेकांना कोपर मारायचे.

शुक्रवारी तपासनीस आले, तिघं. डॉक्टरांनी पस्तीस वर्षांची रजिस्टरं दाखवली, शेजारी तीन दिवसांचं दाखवलं आणि मधे चौकड्यांचं कापड पसरलं. पहिला तपासनीस हसला. दुसऱ्यानं बटणं मोजली. तिसऱ्या, वयस्क बाई होत्या, त्यांनी पट्टी सोलून आकडा बघितला आणि पाणी मागितलं. शिकवणारी प्रयोगशाळा या वर्षी होणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. जुन्या रजिस्टरांवर विसंबता येत नाही हेही लिहिलं. मुख्य तंत्रज्ञाची नेमणूक चौकशी होईपर्यंत पुढं. जाताना त्या वयस्क बाई दारातून परत आल्या आणि टिकटिकबाईला हळूच म्हणाल्या, "ती पट्टी कुठली वापरता? आमच्याकडं चारशे लोक मोजतात."

संध्याकाळी पाच वाजता खोलीत दोघंच उरली. मंगळवारपासून अण्णा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मांडून ठेवलेली रजिस्टरं ते एकेक करून कपाटात परत लावत होते, पाठमोरे. तिला वाटलं, काहीतरी म्हणावं. रंगारी आज उठून बसला, खिडकीचा रंग कुणी दिला म्हणून परिचारिकेला नावं ठेवत होता, हे सांगावं. पण कसं? या माणसानं तिला भिंगाला डोळा लावायला शिकवलं होतं आणि तिनं त्याची पस्तीस वर्षं एका दुपारी बटणांसारखी सांडली होती.

अण्णांनी कपाट लावलं. मग सवयीनं स्वतःच्या टेबलाशी गेले, शेवटची उरलेली चिठ्ठी उचलली, थेंब काचेत सोडला. टिकटिकीवर पट्टी होती. त्यांनी ती काढली नाही.

पहिला खण. पट्टी उचकटून बघितलं, लिहिलं, पट्टी परत लावली. दुसरा खण. ती श्वास धरून टिक टिक ऐकत होती. रेषेशी आले की त्यांचा अंगठा अडखळतोय हे तिला पाठमोऱ्या खांद्यांवरूनही कळत होतं.

नव्व्याण्णव. एकशे एकवीस.

"बावीस," अण्णा म्हणाले. "बावीस! अगं, कामावर लागलो तेव्हा माझा बावीस आला होता. पहिल्याच आठवड्यात. माझ्या साहेबांनी वही फेकून मारली होती." त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. डोळे भिंगातून बघितल्यासारखे मोठे दिसत होते. "तेव्हापासून आज पहिल्यांदा."

मग त्यांचा हात सवयीनं कानाकडं गेला. लाल पेन्सिल निघाली, फरकाच्या रकान्याशी, बावीसच्या शेजारी टेकली. "पुन्हा" एवढं लिहून झालं. पेन्सिल थांबली. त्यांनी तो शब्द खोडला आणि खाली लिहिलं: "राहू दे."

टिकटिकबाईच्या एका पायात अजून वन्संची चप्पल होती. मंगळवारपासून बदलायचं सुचलंच नव्हतं.